जुन्या कापडाची उलटी बाजू: म्युझियममधल्या पहिल्या फॅशन शोची तयारी

कॉलेजच्या वार्षिक फॅशन शोमध्ये धूर सोडता येतो, लेझर फिरवता येतात, आणि शिवण उसवली तरी ढणढणत्या गाण्यात खपून जाते. म्युझियममधल्या शोत यातलं काहीच चालत नाही. तिथे पाच पावलांवर काचेच्या कपाटात शंभर वर्षांपूर्वीचा अंगरखा असतो, आणि प्रेक्षक एकदा त्याच्याकडे आणि एकदा तुमच्या कपड्याकडे बघतो. जुन्या शिंप्याची टीप तुमच्यापेक्षा सरळ असते, हे त्याला लगेच दिसतं.

बडोद्यात अशा शोसाठी पहिल्यांदाच नाव लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मी आधी भाग घेणारी होते. आता पडद्यामागे सुई-दोरा घेऊन उभी असते, आणि दर वेळी तेच प्रश्न ऐकते.

आधी कॅलेंडर, मग स्केचबुक

म्युझियममधले असे कार्यक्रम बहुधा दोन सुमारास होतात. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, १९७७ पासून पाळला जातो. दुसरा म्हणजे १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह. बडोद्यात दोन्ही तारखा अडचणीच्या आहेत.

मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या घरात असतो. अस्तर लावलेलं रेशमी जाकीट घालून मॉडेल दहा मिनिटं उभी राहिली की पाठीवर घामाचा नकाशा उमटतो. मेचा शो असेल तर सुती, मलमल, फार तर चंदेरी. अस्तर फक्त जिथे टाळताच येत नाही तिथे.

नोव्हेंबरची गोष्ट वेगळी. हवा चांगली, पण शिंपी नाही. नवरात्राआधीचा महिना-दीड महिना या शहरातला एकूण एक शिंपी चणिया-चोळीत बुडालेला असतो. त्यानंतर दिवाळी, आणि दुकानं उघडतात ती थेट लाभपाचमेला. तुळशीचं लग्न लागलं की लग्नाचे ब्लाउज सुरू. म्हणून नोव्हेंबरच्या शोचं जे काही बाहेर शिवायला द्यायचं ते श्रावणात द्या. मास्टर मान हलवून ‘थई जशे, बेन’ म्हणेल. त्याचा अर्थ ‘होईल’ एवढाच, ‘कधी’ हे त्यात नाही. त्याने दिलेल्या तारखेत मनातल्या मनात आठ दिवस मिळवून ठेवा.

एकच वस्तू निवडा

‘मराठेशाही’, ‘रॉयल बडोदा’, ‘हेरिटेज’ ही प्रेरणा नव्हे, ही लग्नपत्रिकेची भाषा आहे. प्रेरणा म्हणजे एक वस्तू: एक पोलकं, एक बाराबंदी (बंदांनी बांधायचा जुना अंगरखा), एका पदराची किनार. जिच्यासमोर तास-दीड तास उभं राहता येईल आणि कंटाळा येणार नाही, अशी.

शोधायची कुठे? कमाटीबागेतलं बडोदा म्युझियम आपल्याला शाळेच्या सहलीपासून माहीत असतं, पण बहुतेकांच्या आठवणीत ममी आणि देवमाशाचा सांगाडा तेवढाच राहतो. सयाजीराव महाराजांनी उभारलेली ही म्युझियमची इमारत १८९४ची. पिक्चर गॅलरी नंतरची, ती लोकांसाठी खुली झाली १९२१ साली. कपड्यांच्या शोधात असाल तरी चित्रांकडे जा. चित्रातल्या माणसांनी काय घातलंय, बंद कुठे बांधलाय, बाही कुठे संपते, हे बघायला मिळतं.

लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातलं महाराजा फत्तेसिंह म्युझियम ही दुसरी जागा. कधीकाळी राजघराण्यातल्या मुलांची शाळा या इमारतीत भरायची. राजा रविवर्म्याची चित्रं इथे आहेत, आणि प्रत्येक तुकडीतले निम्मे विद्यार्थी तिथूनच नऊवारी उचलतात. उचला, पण जपून. रविवर्म्याने देवींना आणि पौराणिक नायिकांना साडी नेसवली ती चित्रकार म्हणून. चुणी कुठे पडावी हे त्याने उजेडासाठी ठरवलं होतं, चालण्यासाठी नाही. चित्रावरून निऱ्या मोजायला गेलात की फसलात. निऱ्यांसाठी दांडिया बाजारातल्या एखाद्या आजींना गाठा.

रावपुऱ्याकडचा तांबेकर वाडा तिसरी जागा. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. भिंतीभर रंगवलेली चित्रं, त्यात पागोटी, अंगरखे, चोळ्या, सगळं आहे. वाडा उघडा आहे का याची आधी चौकशी करा. एक दिवस हाताशी असेल तर अहमदाबादचं कॅलिको म्युझियम जरूर बघा. ते १९४९ साली सुरू झालं. आधी नोंदणी करावी लागते आणि आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून वही-पेन्सिल न्या.

खरं तर वही सगळीकडेच न्या. कापडाच्या दालनात उजेड मंद असतो. कापडासाठी उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) वर जाऊ नये असा संग्रहालयांचा दंडक आहे. लाईट गेल्यासारखं वाटतं, पण पाच मिनिटं थांबलं की डोळे सरावतात. मोबाईलचा टॉर्च लावू नका. आत पेनही चालत नाही, शाईचा एक ठिपका पुरे होतो. पेन्सिलच.

आणि चौथी जागा घरातलीच: आजीची पेटी.

कपडा वाचायचा कसा

नवीन मुलं इथेच घाई करतात. रंग पाहतात, बुट्टा पाहतात, फोटो घेतात, निघतात. जुना कपडा आतून वाचायचा असतो. म्युझियममधल्या वस्तूला तुम्ही हात लावणार नाही. तिथल्या क्युरेटरना रीतसर पत्र लिहा, त्या हातमोजे घालून उलटी बाजू दाखवू शकतात. घरच्या कपड्यावर मात्र सवडीने बसता येतं. पलंगावर धुतलेली पांढरी चादर अंथरा, अंगठ्या-बांगड्या काढा, हात धुऊन कोरडे करा, मग कपडा उलटा करा.

पहिलं बघायचं ते कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी. हातमागाचं जुनं कापड अरुंद असायचं, आणि शिंपी त्यातला चिंधीभरही वाया घालवायचा नाही. म्हणून जुना अंगरखा कापलेला कमी आणि जोडलेला जास्त असतो: सरळ पट्ट्या, तिरक्या कळ्या, काखेत चौकोनी बगल. ती बगल छोटीशी असते, पण हात वर केला तरी कपडा वर ओढला जात नाही तो तिच्यामुळे. आजच्या कुर्त्यांत ती दिसेनाशी झाली आणि तिच्याबरोबर आरामही गेला, असं माझं मत आहे. मास्टरला विचाराल तर तो ‘कोण घालतंय आता’ म्हणेल.

मग शिवण. हाताची की मशीनची? मशीनची टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, हाताचा टाका कुठेतरी श्वास घेतो. टिचबटण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं, चेन बायकांच्या कपड्यात रुळली ती १९३०च्या दशकात, आणि नायलॉन १९३८च्या आधी बाजारात नव्हतंच. तेव्हा ‘१९१०चं पोलकं’ म्हणून कुणी दिलं आणि त्याला पाठीत चेन निघाली, तर एकतर साल चुकलंय किंवा चेन नंतर कुणीतरी लावली आहे. दोन्ही शक्यता रंजक आहेत, पण लेबलवर कुठली लिहायची ते आधी शोधा.

त्यानंतर दुरुस्त्या. शिवणीच्या आत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड, सोडलेली चुणी, काखेतला घामाचा पिवळा डाग, कोपराला रफू. बाई अंगाने भरली की पोलकं उसवून सोडलं जायचं, मुलगी मोठी झाली की परकराची दुमड उघडायची. माझ्या मते खरं डिझाइन इथे आहे. वाढत्या अंगाबरोबर वाढणारा कपडा आज कुठल्या दुकानात मिळतो?

माणसांना विचारायलाही शिका. ‘आजी, ही साडी किती जुनी?’ असं विचारलं की ‘खूप जुनी’ एवढंच उत्तर मिळतं. ‘आजी, ही नेसून तुम्ही पहिल्यांदा कुठे गेलात?’ असं विचारा. मग लग्न, मंगळागौर, कुणाचं बारसं, त्या वर्षीचा पूर, सगळं बाहेर येतं आणि साल आपोआप सापडतं. बोलणं लिहून घ्या. साडी बघून शिकायला नेणार असाल तर कधी परत देणार हेही एका कागदावर लिहून त्यांच्या हातात ठेवा. नातवंडं असलात तरी.

आता माझी चूक सांगते. माझ्या पहिल्या शोसाठी मी आत्याकडून एक रेशमी पोलकं आणलं. मोरपंखी रंग, झळाळी अशी की नवं वाटावं. ते कुणाला तरी घालायचंच, असं मी ठरवून टाकलं. तालमीत मुलीने हात पुढे केला आणि पाठीवर वरपासून खालपर्यंत कापड फाटलं. शिवण शाबूत होती, कापडच गेलं होतं. नंतर कळलं की ते विलायती वजनदार रेशीम असावं. रेशमाचा डिंक काढला की त्याचं वजन पाव हिश्श्याच्या आसपास घटतं. ते भरून काढायला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला रेशमात कथिलाचे क्षार भरायचे. कापड जड आणि सळसळतं व्हायचं, पण तेच क्षार काही दशकांत धागा आतून कुरतडायचे. असं कापड पेटीत नुसतं पडून असलं तरी घडीवर चिरतं. आत्या काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे: जुना कपडा कुणाच्याही अंगावर चढवायचा नाही आणि त्याला कात्री लावायची नाही. संग्रहालयंही हेच म्हणतात, संग्रहातला कपडा परिधान करायचा नसतो. तुम्ही त्याच्याकडून शिकायचं आणि शिवायचं नवं. ‘आजीच्या शालूचं क्रॉप टॉप’ ही कल्पना कितीही टाळ्या घेणारी असली तरी माझ्या समोर आणू नका.

नक्कल नको

हुबेहूब बाराबंदी शिवलीत तर ती नाटकाची वेशभूषा झाली. नुसती बाराबंदीची एक दोरी टी-शर्टला लावलीत तर ती सजावट झाली. वस्तूतली एक कल्पना उचलायची आणि ती आजच्या गरजेला जुंपायची, हे या दोघांच्या मधलं काम आहे.

बाराबंदीच घ्या. नावातच बंद आहेत. बटण नाही, काज नाही, म्हणजे अंग कमी-जास्त झालं तरी कपडा बसतो. एका विद्यार्थिनीने हाच धागा पकडून गरोदर आणि नंतर बाळंतीण बाईसाठी सुती जाकीट केलं. दोन्ही बाजूंना बंद, नऊ महिने आणि पुढेही तेच जाकीट. रॅम्पवर ते फार चमकलं नाही, पण शो संपल्यावर बायकांचा घोळका तिच्याभोवतीच होता.

काष्ट्याचंही तसंच. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, आणि तेवढं कापड नेसूनही बाई शेतात लावणी करते, घोड्यावर बसते. सहावारी साडेपाच मीटरची असून पाऊल अडवते. फरक मीटरचा नाही, कापड पायांमधून जातं की पायांभोवती, याचा आहे. हे समजलं की काष्ट्याची पँट शिवायची की सायकलवर नेसता येईल असा स्कर्ट, हे तुमचं तुम्ही ठरवा.

राजघराण्याकडे वळायचंच असेल तर दागिने सोडून एखाद्या निर्णयाकडे बघा. १९११च्या दिल्ली दरबारात सयाजीराव महाराज जडजवाहीर न घालता साध्या पोशाखात इंग्रज बादशहा पंचम जॉर्जसमोर गेले, एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून निघाले. इंग्रजी वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. काय घातलं नाही, यानेच तो पोशाख बोलका झाला. त्यांची कन्या इंदिराराजे पुढे कूचबिहारची महाराणी झाली. तिने फ्रान्सची शिफॉन साडी म्हणून नेसली आणि ती चाल संस्थानी बायकांत पसरली. जरीच्या वजनातून सुटका करून घेण्याची ही कल्पना आहे. नुसती फिकट शिफॉन आणि मोत्यांचा सर असं तिचं चित्र पुन्हा उभं केलंत तर त्यात तुमचं काय?

मांजरपाटाला पर्याय नाही

पहिला नमुना मांजरपाटात, म्हणजे जाड्याभरड्या कोऱ्या सुती कापडात शिवा. स्वस्त आहे, चूक लपवत नाही. दोन ट्रायल घ्या: पहिली उभं राहून, दुसरी चालून, बसून, हात वर करून, जिना चढून. आरशासमोर सुंदर दिसणारे निम्मे कपडे जिन्यावर हरतात.

खरं कापड मंगळ बाजार किंवा नव्या बाजारात शोधा, सकाळी अकराच्या आधी. संध्याकाळी तिथे उभं राहायलाही जागा नसते. दुकानातल्या ट्यूबलाईटवर जाऊ नका, तुकडा हातात घेऊन रस्त्यावर या. जर घेताना विचारा: अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. आज बाजारात बहुतेक तांब्याची किंवा प्लास्टिकची असते. विद्यार्थ्याच्या खिशाला तीच परवडते, त्यात लाज नाही. लेबलवर ‘शुद्ध जर’ लिहू नका म्हणजे झालं. गडद लाल-निळं नवं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने एका कोपऱ्यात घासून बघा. रंग सुटत असेल तर ते मॉडेलच्या घामात आणि म्युझियमच्या भिंतीला, दोन्हीकडे सुटेल.

‘समई कुठे लावायची?’

शोच्या आदल्या आठवड्यात हा प्रश्न हमखास येतो. उत्तर: आत नाही. दीपप्रज्वलन व्हायला हवंच असेल तर बाहेर पोर्चमध्ये. आत ज्योत नाही, उदबत्ती नाही, धूर सोडणारं यंत्र नाही. काजळी आणि तेलकट धूर कापडावर बसला की निघत नाही. खरी फुलंही आत न्यायची नाहीत, कारण त्यांच्याबरोबर किडे येतात. पाहुण्यांना हार नको, नारळ द्या. गजऱ्याचा मोह सगळ्यांना होतो. कापडी गजरा करा, लांबून कुणाला कळत नाही.

हेअरस्प्रे, परफ्यूम, नेलपॉलिश, सगळं मेकअपच्या खोलीत, आणि ती खोली दालनापासून लांब. खाणं-पिणं आत नाही. सेव-उसळीचं पार्सल तर नाहीच, रस्सा सांडला तर पुढच्या वर्षी शो विसरा. जुन्या फरशीवर टोकदार टाचा चालणार नाहीत. कोल्हापुरी, मोजडी किंवा रुंद टाच. भिंतीला खिळा, चिकटपट्टी, काही नाही. बॅनर स्वतःच्या स्टँडवर. स्पीकर काचेच्या कपाटांना पाठ करून आणि जमिनीपासून उचलून ठेवा, कारण बासचा कंप काचेतून आतल्या वस्तूपर्यंत जातो. तालमीत आवाज चालू असताना कपाटाच्या काचेजवळ कान न्या. थरथर ऐकू आली तर आवाज कमी. काचेला हात मात्र लावू नका.

रॅम्प बांधायचा हट्ट धरू नका. कपाटांमधल्या वाटेनेच मॉडेल चालू द्या. फक्त वाट टेपने मोजा: घेरदार परकर दोन्ही बाजूंना कपाटापासून हातभर लांब राहिला पाहिजे.

शोचा दिवस

हिशेब आधी करा. चोवीस कपडे, प्रत्येकी चाळीस सेकंद, म्हणजे सोळा मिनिटं. त्याच्या पुढे नेऊ नका, प्रेक्षक पंखे शोधायला लागतात. एका मॉडेलला दोन कपडे असतील तर मध्ये किमान सहा मिनिटं हवीत. नऊवारी नेसायची असेल तर ती मॉडेल एकदाच येईल, दोनदा नाही.

पिशवीत काय असावं? कपड्याच्या रंगाचा दोरा ओवलेल्या चार सुया, छोटी कात्री, सेफ्टी पिना, दुहेरी टेप, टिचबटणं, पांढरं फडकं, टाल्कम पावडर, आणि एक जास्तीची नाडी. नाडी तुटते. दर शोला तुटते. पिना मोजून द्या आणि मोजून परत घ्या, फरशीवर एकही राहता कामा नये.

मॉडेल म्हणून मैत्रिणींना, शेजारच्या काकूंना घ्या. काष्टा नेसून वाढलेली बाई चालते तेव्हा कपडा काय करतो ते बघण्यासारखं असतं. तिला ‘रॅम्प वॉक’ शिकवू नका.

लेबल

प्रत्येक कपड्याशेजारी एक चिठ्ठी असते. मराठी आणि गुजराती दोन्हीत लिहा, प्रत्येकी पन्नास-साठ शब्द. ‘भव्य वारशाला मानाचा मुजरा’ नको. असं लिहा: ‘मूळ वस्तू: सुती बाराबंदी, हाताची शिवण, डाव्या काखेत दोनदा केलेलं रफू. घेतलेली कल्पना: बंदांमुळे कमी-जास्त होणारा घेर. नवं: दोन्ही बाजूंनी घालता येणारं जाकीट, खादी, तांब्याची जर.’ कपडा कुणाच्या घरचा, हे त्यांची परवानगी असेल तरच लिहा.

दुसऱ्या दिवशी

तुमचे कपडे म्युझियममध्ये आठवडाभर मांडायचे ठरले तर हँगरवर नको, पुतळ्यावर मांडा, आणि खिडकीसमोर नको. दमट दिवसांत संध्याकाळी एकदा जाऊन बघा.

उसनी आणलेली साडी ठरल्या दिवशीच परत करा. त्याआधी सावलीत तासभर मोकळी ठेवा, इस्त्री फिरवू नका. जुन्या घडीवर पुन्हा घडी घालू नका, जर तिथेच तुटते. नव्या जागी दुमडा, दुमडीत मऊ मलमलीची सुरळी ठेवा, आणि धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी नको, डांबरगोळी कापडाला चिकटून नको. वर चिठ्ठीवर तारीख लिहा म्हणजे सहा महिन्यांनी घडी बदलायची आठवण राहील. आजी म्हणतील, ‘एवढं कशाला, दे इकडे,’ आणि साडी होती तशीच जुन्या घड्यांवर दुमडायला घेतील. त्यांच्या हातातून ती अलगद काढून घ्या, चहा मांडायला सांगा, आणि तोवर घडी घालून टाका.